आवडीचे अंकगणित

कुरुंदवाडच्या एका कीर्तनकारांच्या मुलाच्या डोळ्यांना दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने इजा झाली. उपचारांसाठी त्याला मिरजेस आणले गेले. दृष्टी इतकी अधू झाली होती की शाळेतला अभ्यास पुढे चालणे कठीण होते. मुलाचा गळा गोड आहे, त्याला गाणे शिकवावे, ही सूचना उपचार करणाऱ्या डॉ. भडभड्यांची होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्या काळी मिरजेतच होते आणि मुलाची शिकवणी त्यांच्याकडे सुरू झाली. हा मुलगा म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१). त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताचे शिक्षण गुरूच्या घरातून शाळेच्या वर्गात आणले.

डॉक्टरांनी केली ती एक शिफारस होती. ती करण्यासाठी त्यांना तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागल्या : मुलगा कसा आहे, गाणे ही विद्या काय मागते आणि ती शिकवणारा माणूस जवळपास कोण आहे. आज आपले विद्यार्थी मोबाइलवर एक गाणे ऐकतात आणि ते संपण्याच्या आत दुसरे सुचवले जाते. एखादे दप्तर पाहिले की त्याखाली पाण्याची बाटली आणि कंपासपेटी दिसू लागते. सुचवणाऱ्या यंत्राला यांतील एकही गोष्ट डॉक्टरांच्या अर्थाने ठाऊक नसते. तरीही त्याची सूचना पुष्कळदा बरोबर ठरते. हे कसे घडते आणि 'बरोबर' म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी शिफारशीचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

वस्तूची ओळख आणि माणसाची ओळख

शिफारस करण्याचे दोन जुने मार्ग आहेत. पहिला वस्तूच्या गुणांवरून जातो. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांचे नाव तिच्या आरंभाशी जोडले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कारागीर आधी विचारतो : गाणार कोण, स्वर कोणता? पुरुषाच्या खालच्या स्वराला मोठा भोपळा आणि लांब दांडी लागते, तर स्त्रीच्या वरच्या स्वराला लहान तंबोरा शोभतो. इथे वाद्याचे गुण माहीत आहेत, गिऱ्हाइकाची गरज माहीत आहे आणि कारागीर दोहोंची सांगड घालतो. संगणकशास्त्रात या पद्धतीला आशयावर आधारित शिफारस म्हणतात.

दुसरा मार्ग माणसांवरून जातो. 'तुझ्या मावसभावाला ते पुस्तक आवडले, तुलाही आवडेल,' असे आपण म्हणतो तेव्हा पुस्तकात काय आहे हे सांगतही नाही. दोघांची आवड जुळते एवढेच आपल्याला ठाऊक असते. आजच्या बहुतेक यंत्रांचे मूळ या दुसऱ्या मार्गात आहे.

ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी

भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले आणि गाणे मैफलीतून दुकानात आले. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या तबकड्या दूरवर पोहोचल्या. त्यांच्या झिंझोटी रागातील ठुमरीची तबकडी एका दुकानात कानावर पडली आणि भीमसेन जोशी नावाच्या मुलाला गाण्याचा ध्यास लागला. पुढे १९३३ मध्ये तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, ही हकीकत सुपरिचित आहे. त्या दुकानाने ही तबकडी त्या मुलासाठी निवडलेली नव्हती. ती कोणासाठी तरी वाजत होती आणि त्याने ती ऐकली. हा योगायोग ध्यानात ठेवावा, कारण यंत्राच्या हिशेबात त्याला जागा सापडणे अवघड जाते.

नभोवाणीने निवडीचा प्रश्न सार्वजनिक केला. १९५२ मध्ये पुण्याचे डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते संगीताचे जाणकार होते आणि आकाशवाणीने लोकांची अभिरुची घडवावी, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मोठे स्थान मिळाले आणि चित्रपटगीतांवर कात्री आली. श्रोत्यांनी मग रेडिओ सिलोन लावला. तेथे डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. तबकड्यांचा खप आणि श्रोतासंघांचा कौल यांवरून तीत गाण्यांचे क्रमांक लावले जाऊ लागले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र झाले, तोवर श्रोत्यांनी पत्र लिहून आवडीचे गाणे मागवणे ही रूढ गोष्ट झाली होती.

या लहानशा इतिहासात दोन टोके दिसतात. एक म्हणते, श्रोत्यांनी जे ऐकावे ते त्यांना द्या. दुसरे म्हणते, श्रोत्यांना जे आवडते ते द्या. पण दोन्हींत एक उणीव समान आहे. सर्वांना तेच गाणे मिळते. गीतमालेचा पहिला क्रमांक साताऱ्याच्या पेन्शनराला आणि विट्याच्या यंत्रमाग कामगाराला सारखाच लागू होतो. प्रत्येकाला वेगळे गाणे सुचवायचे तर प्रत्येकाची नोंद ठेवली पाहिजे आणि ते काम संगणकाच्या आवाक्यात आल्यावरच शक्य झाले.

संगणक ग्रंथपाल होतो

पहिला ठळक प्रयत्न १९७९ चा. अमेरिकेत एलेन रिच यांनी 'ग्रंडी' नावाची आज्ञावली तयार केली. ती ग्रंथपालाचे काम करी. वाचक स्वतःचे वर्णन काही शब्दांत करी आणि ग्रंडी त्याला ठरीव साच्यांपैकी एखाद्या साच्यात बसवून कादंबऱ्या सुचवी. अडचण उघड होती. साचे माणसाने घडवलेले होते आणि वाचक काही साच्यातून काढलेला नसतो.

१९९२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्राने 'टॅपेस्ट्री' ही व्यवस्था मांडली. टपालाच्या ढिगातून कामाचे ते निवडण्यासाठी सहकाऱ्यांचे शेरे वापरायचे, ही तिची कल्पना. तिला दिलेले नाव मराठीत 'सहयोगी चाळणी' असे म्हणता येईल. १९९४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटी येथील संशोधकांच्या 'ग्रुपलेन्स'ने चाळणीचे काम पूर्णपणे आकडेमोडीवर सोपवले. त्याच वर्षी एमआयटीत उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांची 'रिंगो' सुरू झाली. ती संगीतासाठी होती. सभासद ई-मेलने कलावंतांना गुण देत आणि रिंगो त्यांना नवी नावे कळवी. तोंडोतोंडी होणाऱ्या शिफारशीचे यांत्रिकीकरण, असेच तिच्या कर्त्यांनी तिचे वर्णन केले आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित

यातील मुख्य हिशेब सातवी-आठवीचा विद्यार्थीही करू शकेल. समजा, अ, ब आणि क या तिघांनी तीन प्रकारच्या गाण्यांना पाचपैकी गुण दिले आहेत.

अ : नाट्यगीत ५, लावणी १, भजन ४
ब : नाट्यगीत ४, लावणी २, भजन ४
क : नाट्यगीत १, लावणी ५, भजन २

ब आणि क यांनी पोवाडाही ऐकला आहे. ब ने त्याला ५ गुण दिले, क ने २. अ ने पोवाडा ऐकलेला नाही. तो त्याला कितपत आवडेल?

साधी सरासरी काढली तर उत्तर साडेतीन येते. हा गीतमालेचा मार्ग. आता अ आणि ब यांच्या गुणांतील फरक बेरजेने काढू : १, १ आणि ०, एकूण २. अ आणि क यांच्यातील फरक : ४, ४ आणि २, एकूण १०. फरक जितका कमी तितके त्या माणसाच्या मताला वजन अधिक द्यायचे. म्हणून ब च्या मताला १/२ आणि क च्या मताला १/१० वजन देऊ. भारित सरासरी येते ती अशी : ५ च्या निम्मे २.५ अधिक २ चा दहावा भाग ०.२, मिळून २.७. त्याला एकूण वजन ०.६ ने भागले की ४.५. म्हणजे अ ला पोवाडा जरूर सुचवावा.

लक्षात घ्या, पोवाडा म्हणजे काय हे या हिशेबाला माहीत नाही. डफ, तुणतुणे, वीररस यांपैकी काहीही त्यात आलेले नाही. आकडे तेवढे आले आहेत.

शिक्षकांना यातील एक खोच चटकन दिसेल. एक परीक्षक सढळ असतो, दुसरा हात आखडून गुण देतो. एकाने ५, ३, ५ दिले आणि दुसऱ्याने ३, १, ३ दिले, तर आपल्या पद्धतीने फरक ६ येईल. पण दोघांची आवड खरे तर एकच आहे. म्हणून प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजायचे. ग्रुपलेन्सने यासाठी संख्याशास्त्रातील कार्ल पिअर्सनचा सहसंबंध गुणांक वापरला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले हत्यार शंभर वर्षांनी गाण्यांच्या कामी आले.

माणसांऐवजी वस्तू

गिऱ्हाइके लाखांनी वाढली की प्रत्येकाची तुलना प्रत्येकाशी करणे जड जाते. पुस्तके विकण्यापासून सुरुवात करणाऱ्या ॲमेझॉनने १९९८ पासून ही तुलना उलटी केली आणि २००३ मध्ये तिची पद्धत प्रसिद्ध केली. माणसे जुळवण्याऐवजी वस्तू जुळवायच्या. एकाच्या टोपलीत कोणत्या वस्तू एकत्र येतात ते आधीच मोजून ठेवायचे.

इथेही एक सापळा आहे. समजा, कराडच्या एका किराणा दुकानात शंभर गिऱ्हाइके आली. ८० जणांनी मीठ घेतले, २५ जणांनी शेंगदाणे आणि २० जणांनी पोहे. पोहे घेणाऱ्यांपैकी १६ जणांकडे मीठ होते, तर १५ जणांकडे शेंगदाणे. नुसते मोजले तर पोह्यांचा जोडीदार मीठ ठरतो. पण मीठ शेकडा ८० लोक घेतातच आणि पोहेवाल्यांतही ते प्रमाण शेकडा ८० च आहे. पोह्यांमुळे मिठाबद्दल नवे काही कळलेच नाही. शेंगदाणे मात्र एकूण गिऱ्हाइकांत शेकडा २५ जणच घेतात, तर पोहेवाल्यांत शेकडा ७५, म्हणजे तिप्पट. पोह्यांचा खरा जोडीदार शेंगदाणा. लोकप्रियतेने भागल्याशिवाय नाते दिसत नाही, हा यातील धडा.

रिकाम्या खणांचे कोष्टक

२००६ मध्ये नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने, जी तेव्हा चित्रपटांच्या चकत्या टपालाने भाड्याने देत असे, एक स्पर्धा जाहीर केली. आमच्या यंत्राच्या भाकितातील चूक दहा टक्क्यांनी कमी करा आणि दहा लाख डॉलर घ्या. त्यासाठी तिने सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींवर गुण खुले केले. हा आकडा प्रचंड वाटतो. पण ग्राहक आणि चित्रपट यांचे कोष्टक आखले तर त्यात साडेआठशे कोटी खण होतात. शंभरातील एकाहून थोडा अधिक खण भरलेला, बाकी सारे रिकामे.

हे खण भरण्याची जी युक्ती सर्वांत उपयोगी ठरली ती अशी. प्रत्येक ग्राहकाला आणि प्रत्येक चित्रपटाला थोडे गुप्त अंक द्यायचे आणि त्यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे अपेक्षित गुण मानायचे. श्रोत्याचे अंक ०.५ आणि २ असतील, गाण्याचे १ आणि २ असतील, तर अपेक्षित गुण ०.५ अधिक ४, म्हणजे ४.५. हे गुप्त अंक कोणी ठरवत नाही. भरलेल्या खणांशी चूक कमीत कमी होईपर्यंत यंत्र ते हळूहळू बदलत राहते. एखादा अंक 'गंभीरपणा' दाखवत असेल, एखादा 'जुने-नवे'. यंत्र त्याला नाव देत नाही.

पुष्कळ आकड्यांमागे मोजकी मूलतत्त्वे शोधावीत, या विचाराच्या इतिहासात एक मराठी वाचकांच्या ओळखीचे नाव आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांचा एक निबंध 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त प्रसिद्ध झाला. बदलत्या वक्रांचे थोड्या परस्परस्वतंत्र घटकांत पृथक्करण कसे करावे, याची रीत त्यात होती. पुढे तीच रीत कार्हुनेन आणि लोएव यांच्या नावाने जगात ओळखली गेली. नेटफ्लिक्सचे स्पर्धक कोसंबींचा निबंध उघडून बसले होते, असे नव्हे. पण दोन्ही रीती एकाच गणिती कुळातल्या आहेत.

स्पर्धा २००९ मध्ये जिंकली गेली. विजेत्यांची सुधारणा १०.०६ टक्के होती. तेवढीच सुधारणा साधलेला दुसरा गट आपले उत्तर वीस मिनिटे उशिरा देऊन बक्षिसाला मुकला.

पण निकालापूर्वीच एक इशारा मिळाला होता. ग्राहकांची नावे काढून टाकली असल्याने खुली केलेली माहिती निर्धोक मानली गेली होती. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये दाखवले की थोड्या चित्रपटांचे गुण आणि अंदाजे तारखा ठाऊक असल्या तर त्या ढिगातून माणूस हुडकता येतो. २०१० मध्ये कंपनीने पुढची स्पर्धा रद्द केली. आवडींची यादी ही बोटांच्या ठशासारखी असते. नाव पुसले तरी ठसा राहतो.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

गुण देणे ही विचारपूर्वक केलेली कृती असते. पण फार थोडे लोक गुण देतात. म्हणून आजची यंत्रे माणसाच्या वागण्यावरून गुण ताडतात. गाणे पूर्ण ऐकले की मध्येच सोडले, पुन्हा लावले की नाही, वस्तूवर नजर किती वेळ थांबली, हे सारे नोंदले जाते. २०१५ मध्ये स्पॉटिफायने दर आठवड्याला प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी यादी देणे सुरू केले, तिच्यामागे अशाच नोंदी होत्या. यूट्यूबने २०१२ मध्ये चित्रफिती सुचवताना त्या किती वेळा उघडल्या यापेक्षा किती वेळ पाहिल्या याला महत्त्व देण्याचे ठरवले.

इथे प्रश्न हळूच बदलला आहे. डॉ. भडभड्यांपुढे प्रश्न होता : या मुलाचे भले कशात आहे? मंत्र्यांपुढे : लोकांनी काय ऐकावे? रिंगोपुढे : याला काय आवडेल? आणि आजच्या यंत्रापुढे : काय दाखवले तर हा थांबून राहील, किंवा विकत घेईल? चारही प्रश्नांना शिफारस हेच उत्तर आहे, पण ते चार वेगळे प्रश्न आहेत. यंत्राची आकडेमोड चोख असते. ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न मात्र यंत्राच्या मालकाने निवडलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की यंत्र आवड मोजता मोजता ती घडवूही लागते. २००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. १४,३४१ जणांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती, तर काहींना आठ स्वतंत्र गटांत वाटून आपापल्या गटाची पसंती दाखवली होती. पसंती दिसू लागताच लोकप्रिय आणि उपेक्षित गाण्यांतील दरी रुंदावली आणि कोणते गाणे वर जाईल याचा अंदाज करणे कठीण झाले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा माथ्यावर आली नाहीत. पण मधल्या साऱ्यांचे नशीब आरंभीच्या थोड्या श्रोत्यांनी ठरवले.

जे कोष्टकात नाही

यातूनच खरी हानी संभवते. ज्या गाण्याला अजून कोणी ऐकलेले नाही, त्याचा रकाना कोरा असतो आणि कोरा रकाना सुचवता येत नाही. भास्करबुवा बखले (मृत्यू १९२२) यांचा आवाज तबकडीवर उरलेला नाही. त्यांची थोरवी आपल्यापर्यंत शिष्यांच्या गळ्यातून आणि जाणकारांच्या सांगण्यातून आली. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या रचना आधी फडांतून आणि मेळ्यांतून पसरल्या. आज जत किंवा माण तालुक्यातील एखादे भजनी मंडळ आपले गाणे महाजालावर ठेवते, तेव्हा ते कोट्यवधी गाण्यांच्या शेजारी, शून्य नोंदींसह उभे असते. ते ऐकण्याजोगे आहे हे आधी कोणा माणसाने म्हणावे लागते.

ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे एक सूत्र आहे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे दुसरे. सुचवणारी यंत्रे पहिले सूत्र बऱ्यापैकी पाळतात. दुसऱ्याची जबाबदारी ती आपणहून घेत नाहीत. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराघरांत पुस्तके मांडलेली असतात आणि स्ट्रॉबेरी घ्यायला आलेला प्रवासी न शोधलेल्या पुस्तकापाशी जाऊन पोहोचतो. दुसरे सूत्र पाळण्याची ही एक रीत आहे.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्याचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाईची तरतूद आहे. कायदा हवाच. पण माग कसा काढला जातो हे मुलांना समजणे त्याहून टिकाऊ. त्यासाठी संगणकाची गरज नाही. फळ्यावर वर्गातील दहा मुलांचे आणि आठ गाण्यांचे कोष्टक आखावे, काही खण रिकामे ठेवावेत आणि मुलांकडूनच ते वर दिलेल्या रीतीने भरून घ्यावेत. मग ती गाणी खरोखर ऐकवून भाकीत कुठे साधले आणि कुठे फसले ते पाहावे. शेवटी कोष्टकात एक नववे गाणे लिहावे, ज्याला कोणीच गुण दिलेले नाहीत, आणि मुलांना विचारावे की ते आता कोण सुचवणार.